पंची सोडून सगळ्या

आधीच सांगते, मी तोंडाळ आहे. आमच्या बीदरकडच्या मेहकरात कुणालाही विचारा, नागसेनची बायको म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाचं सांगतील, मग नावाचं. नाव पंचशीला. मिलमधल्या बायका मला पंची म्हणतात. म्हणायच्या.

मिल म्हणजे जगदेवप्पांची डाळ मिल, आमच्या गावाहून भालकीकडे जाताना रस्त्याला लागूनच. तुरीला तेलपाणी लावून अंगणात वाळत घालायची, उन्हात ती पायांनी उलथवत राहायची, आणि मशिनीतून डाळ निघाली की शेडमध्ये बसून निवडायची, हे आम्हा बायकांचं काम. माझी सासू पार्वतीबाई तिथं माझ्या कितीतरी आधीपासून. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला हाताला धरून नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. एका सुपाशी बसून न भांडणाऱ्या सासू-सुना म्हणून चन्नव्वा आम्हाला नव्या बायकांना दाखवायची. चन्नव्वा आमच्यातली सगळ्यात जुनी. तिच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी, पण डाळ निवडताना कोण कुठल्या भाषेत काय म्हणालं हे कुणाच्या ध्यानातही राहायचं नाही.

मिलमध्ये बायकांसाठी बाथरूम होतं. दारावर बाईचं चित्रसुद्धा काढलेलं होतं. पण आत बारदाना, म्हणजे रिकामी पोती, पार छतापर्यंत. कुणी तपासायला येणार असलं की पोती बाहेर निघायची आणि तो गेला की परत आत जायची. आम्ही मागच्या तुरीच्या रानात जायचो. तूर डोक्याइतकी वाढलेली असते तोवर निभतं. पण संक्रांतीच्या आसपास तूर कापतात आणि मागे उरतात ती खुटं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या टमटममधली माणसं.

"आपला आडोसा बी ह्येंच्याच मिलमधी भरडायला येतो, बग," असं चन्नव्वा म्हणायची आणि आम्ही हसायचो. हसण्याजोगं त्यात काय होतं, आता मला सांगता येणार नाही.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, यावर आपला एक उपाय काढला होता. कामावर असताना पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरातून निघताना जो घोट घेतील तो घेतील, मग संध्याकाळपर्यंत कोरड्या. उन्हात तूर उलथवायची आणि पाणी नाही. यंदा त्यांना ताप भरला, लघवीला आग व्हायला लागली, कंबर धरून वाकून चालायला लागल्या. भालकीला डॉक्टरकडे नेलं तर तो माझ्यावरच डाफरला. "सून ना तुम्ही यांच्या? सासूला घरात पाणी देत नाही का?"

आत्याबाई खाली मान घालून बसल्या. त्याला काय सांगणार? माझं डोकं फिरलं ते तिथंच.

दुसऱ्या दिवशी मी सरळ जगदेवप्पांच्या ऑफिसात शिरले. "आप्पा, बारदाना भायेर काढा. न्हाई तर उद्यापासून आमी समद्या तुमच्या हापिसातल्या बाथरूमला येताव. रांग लावून."

जगदेवप्पा हसले. हा माणूस कधी रागावत नाही. रागावला असता तर परवडलं असतं, निदान समोरून काय येतंय ते तरी दिसतं. "बघूया की, अक्का," असं म्हणाले आणि मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं फाटकातच हात आडवा केला. तुला आत सोडू नको म्हणलेत, म्हणाला, आणि माझ्याकडे बघायचं टाळून बिडी पेटवली.

त्या दिवशी जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि आता तेच मला सगळ्यात जास्त टोचतं. टमटममधून उतरलेल्या बायका आत गेल्याच नाहीत. चन्नव्वानं पदर खोचला आणि फाटकात फतकल मारली, तिच्यामागे सगळ्या. आत आदल्या दिवशी तेलपाणी लावलेली तूर पसरायला कुणी नाही. तशीच राहिली तर ती तापून वास मारायला लागते. नाक दाबलं की तोंड उघडतं. दुपारी जगदेवप्पा स्वतः फाटकाशी आले. लेबर ऑफिसात अर्ज करा, म्हणाले, साहेब येऊन सांगतील तसं करू. तोवर काम बंद ठेवू नका.

फाटकाजवळ ट्रॅक्टरमधून नुकतीच उतरवलेली तुरीची रास होती. चन्नव्वा उठली, चपला काढल्या आणि राशीवर हात ठेवला. "पंची आत तर समद्या आत. तिला सोडून कुणी कायबी कबूल करायचं न्हाई." एकेक बाई आली, चपला काढून हात ठेवून गेली. आत्याबाईंनी सगळ्यात शेवटी ठेवला, आणि माझ्याकडे बघत ठेवला.

माझा देवाबिवावर विश्वास नाही. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी काही नाही. पण रास म्हणजे रास. आमच्याकडे राशीला कुणी पायातलं घालून शिवत नाही आणि राशीवर हात ठेवून खोटं बोलत नाही. निदान तोवर मी तसं मानत होते. मला रडू आलं. मीच त्यांना म्हटलं, "आता जा आत. चुली बंद पाडून कसं चालंल? साहेब येईस्तोवर मी घरी थांबते."

मीच म्हटलं. कुणी म्हणवून घेतलं नव्हतं.

आता हर्षिताचं सांगते. हर्षिता रामाचार्यांची मुलगी, मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. भालकीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तिनं बी.कॉम. केलं आणि मी लग्न केलं, पण मैत्री राहिली. दुपारी ऑफिसातून उठून ती शेडमध्ये यायची, माझ्या डब्यातला ठेचा मागून खायची आणि डोळ्यांतून पाणी आलं की मला शिव्या द्यायची. अर्जात काय लिहायचं ते तिनंच मला फोनवर सांगितलं. "पंची, तुझं बरोबर आहे, मागे हटू नको," असं म्हणाली होती. शब्दाला शब्द हेच.

अर्ज द्यायला मी बीदरला गेले. तिथला साहेब म्हैसूरकडचा, त्याला मराठीचा गंधही नाही. मी कन्नडमध्ये बोलायला लागले तर बाजूचा कारकून तोंडावर फाईल धरून हसला. आमचं कन्नड बाजारातलं. भाव करायला, भांडायला, सोयरीक जमवायला पुरतं, पण ऑफिसात गेलं की अंगावरच्या जुन्या लुगड्यासारखं वाटतं. इकडच्या सगळ्या बायकांचं हेच दुखणं. सगळं कळतं, सगळं बोलता येतं, आणि खुर्चीतला माणूस दिसला की आम्ही शिकलेल्या कुणालातरी पुढे करून त्याच्या मागे उभ्या राहतो. त्यामुळे साहेब चौकशीला मिलमध्ये येणार असं कळलं तेव्हा आमच्यातर्फे कोण बोलणार हा प्रश्नच नव्हता. हर्षिता बोलेल, असं मीच सांगितलं. जगदेवप्पांनी लगेच होकार दिला. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी खूश. मालकाच्या ऑफिसात आपलं माणूस आहे म्हणून खूश.

मधल्या दिवसांत आत्याबाई रोज कामावर जायच्या आणि मी घरी. संध्याकाळी त्या आल्या की विचारायची, "काय म्हणायलेत आत?"

"काय न्हाई. बगायलेत."

"चन्नव्वाअक्का काय म्हणली?"

"ती काय म्हणंल." एवढं बोलून त्या पाय चोळत बसायच्या. मला वाटायचं थकल्यात.

चौकशीच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. फाटकातून आत गेले तर डावीकडे काय दिसावं? बाथरूमचं दार उघडं. आत एकही पोतं नाही. फरशी घासलेली, नवी बादली, नवा मग, आतून कडी, ब्लीचिंगचा वास. मी आत जाऊन नळ सोडून बघितला. पाणी आलं! मला नाचावंसं वाटलं. आत्याबाई शेडच्या दारात उभ्या होत्या, तिथूनच ओरडले, "आत्याबाई, जिंकलो की आपण!"

"व्हय," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या.

शेडमध्ये साहेबांसाठी टेबल-खुर्ची मांडली होती. बाजूला जगदेवप्पा, हसऱ्या चेहऱ्याचे. आम्ही सगळ्या समोर खाली बसलो. हर्षिता टेबलाशी उभी. साहेबांनी विचारलं, पंचशीला कोण? मी हात वर केला. त्यांनी मान हलवली आणि हर्षिताला बोलायची खूण केली.

तिचं कन्नड ऐकत राहावं असं आहे. एकेक शब्द स्वच्छ, निवडलेला. बायकांची सोय नव्हती हे खरं, ती म्हणाली, पण आता मालकांनी ती केली आहे, साहेबांनी स्वतः बघून घ्यावं. मी मान डोलावत होते. मग ती म्हणाली, "अवरिगे केलसा बेडवंते."

केलसा म्हणजे काम, बेड म्हणजे नको. हे कळायला दुभाष्या लागत नाही, भाजीवालीला आम्ही रोज हेच म्हणतो. पंचशीलाला काम नको आहे म्हणे. घरच्या अडचणीमुळे तिनं स्वतःहून सोडलं. तिची इच्छा एवढीच होती की मागे राहिलेल्या बायकांची सोय व्हावी. ती झाली, आता तिची काही तक्रार नाही.

व्वा! मला जिवंतपणी संत करून टाकलं.

मला आधी वाटलं, हिची काहीतरी चूक झाली. मी बायकांकडे बघितलं. कन्नड त्यांनाही कळतं, चन्नव्वाची तर घरचीच भाषा. आता कुणीतरी उठेल, ओरडेल, असं काय बोलायलीस गं हर्षिता, म्हणेल. मी एकेकीचं तोंड बघत गेले. कुणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. एकीलाही नाही. कुणी फरशीकडे बघत होतं, कुणी हातातल्या बांगड्या फिरवत होतं, आणि सगळ्या हे कधी एकदा संपतंय याची वाट बघत होत्या. तेव्हा कळलं की त्यांना माहीत होतं. मी घरी बसून त्यांची काळजी करत होते तेव्हा इथं आत, याच शेडमध्ये, डाळ निवडता निवडता सगळं ठरलं होतं.

मी उठले आणि माझ्या त्या बाजारातल्या कन्नडमध्ये ओरडले, "सुळ्ळ हेळ्ताळ्री! खोटं बोलते ही! मला काम पाहिजे. मला काढलंय, मी सोडलेलं नाही!"

साहेब दचकले. त्यांनी बायकांना विचारलं, ही मॅडम सांगते ते बरोबर आहे का?

"हौद्री," चन्नव्वा म्हणाली. होय, साहेब. माझ्याकडे न बघता. तिच्यामागे सगळ्यांच्या माना हलल्या.

"हिच्या घरचं इथं कुणी आहे?" साहेबांनी विचारलं.

आत्याबाई उठल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला. मला अजूनही आशा होती, बघा. दुनिया गेली उडत, पण ही बाई माझी आहे, हिच्यासाठी मी हे सगळं अंगावर घेतलं. त्या मराठीत म्हणाल्या, "तिच्या मनानंच सोडलंय, सायेब. घरचं बगायला माणूस लागतंय."

हे मात्र हर्षितानं साहेबांना शब्दाला शब्द खरं सांगितलं.

फाटकाबाहेर ती माझ्यामागे धावत आली. "पंची, ऐकून तरी घे. आप्पा म्हणाले, एक तर बाथरूम नाही तर पंचशीला. दोन्ही मागाल तर मशीन आणून बायकाच कमी करतो. मी काय करणार होते? सगळ्यांचं भलं बघितलं गं."

"तुझं कसलं भलं? तुला हापिसातलं बाथरूम हायच की."

ती रडायला लागली. "माझीसुद्धा नोकरी आहे, पंची."

"मग तसं म्हण. भलंबिलं कशाला मधी आणायलीस? आणि मला संत कामून केलंस? भांडखोर होती म्हणून काढली म्हणली असतीस तर निदान खरं झालं असतं."

मी चालत निघाले. टमटमला हातही केला नाही, कारण तिच्यात आमच्याच गावची माणसं असतात आणि मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. वाटेत नागसेनला फोन लावला. तो हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे की. घरात भांडण करू नको आईसंगं." आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मी फोन बंद केला.

आत्याबाई नेहमीच्या वेळेला घरी आल्या. मी भाकरी थापत होते. त्या उंबऱ्याशी बसल्या, पण आज पाय चोळले नाहीत. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण सांगितलं ना, मी तोंडाळ आहे.

"राशीवर हात ठिवला होता तुमी."

त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

"केव्हा ठरलं?"

"झाले की लई दिवस. हर्षिता जेवणाच्या सुट्टीत आली होती. चन्नव्वा आदी न्हाई म्हणली. मग समद्याच बोलाय लागल्या. कुणाची लेक वयात आलेली कामावर येती, कुणी पोटुशी हाय. माझं तर तुला म्हाईतच हाय." मग म्हणाल्या, "एका घरच्या दोन बायका हाव आपण. दुसऱ्या कुणाला काढलं असतं तर तिची चूलच बंद झाली असती. आपली एक तरी चालू ऱ्हाती."

आणि मला राग कशाचा आला माहीत आहे? त्यात चूक काढता येईना. हिशेब बरोबर होता. गरज सरो, वैद्य मरो, हे मी त्या चालत आलेल्या रस्त्यावर शंभरदा म्हटलं होतं, पण या बायकांची गरज खोटी नव्हती आणि वैद्यही आपल्याच घरचा होता.

"मग मला सांगाय काय झालं होतं?" मी भाकरी तव्यावर टाकायची विसरले. "एका घरात ऱ्हाताव, एका ताटलीत जेवताव. रोज सांजच्याला इचारत होते मी तुमाला. मला इचारायचं तरी. आत्याबाई, मी न्हाई म्हणले असते का?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तू व्हय म्हणली असतीस. मग जलमभर तुझ्या उपकारात ऱ्हावं लागलं असतं. समद्यांनाच. चन्नव्वाच म्हणली, तिला इचारू नका. तिनं आपल्या हातानं दिलं तर आपल्याला घास गिळायचा न्हाई. काढून घेतलं तर निदान, नशीब तिचं म्हणता येतंय."

मिलची नोकरी काय, जाते-येते. पण मी देऊ शकले असते अशी एकच गोष्ट होती माझ्याकडे, आणि तीसुद्धा त्यांनी माझ्या हातानं देऊ दिली नाही. मला माझ्या आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं, लग्न होऊन परक्या घरात आले त्या दिवशीसुद्धा नाही.

मी हात धुतले आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मी सोमवारी बीदरला चाललेय. परत अर्ज करणार हाय. ह्या बारीला माझं मीच बोलणार, हसू दे कुणाला हसायचं ते. साहेब इचारतील, तुला काढलं ह्याला साक्षीदार कोण. मला एक बाई पाहिजे, जी खरं सांगंल."

आत्याबाईंनी वर बघितलं.

"तुमी मला इचारलं न्हाई. मी तुमाला इचारायलेय. सांगायला याल का?"

तव्यावर काहीच नव्हतं आणि तो नुसता तापत होता. मला वाटलं त्या रडतील, किंवा उठून जातील, किंवा बगू म्हणतील. आमच्याकडे नको म्हणायचं असलं की माणसं बगू म्हणतात. पण त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

मी उठून भाकरी तव्यावर टाकली. निदान तोंडावर तरी म्हणाल्या.